पदवी १९२२ साली मिळाली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॉर्नेलिया सोराबजींवर छोटी चौकट आली होती. 'पहिली महिला वकील, १८९२ साली ऑक्सफर्डची पदवी.' १८९२ ला त्या बीसीएलची (कायद्याची) परीक्षा पास झाल्या, हे खरे. पदवी हातात पडली ती १९२२ साली, कारण १९२० पर्यंत तिथे बायकांना पदवी देतच नसत. नाशिकला जन्मलेल्या या बाईने मधली तीस वर्षे काय केले, ते चौकटीत यायला हवे होते.

वकिलीची सनद मिळेना, म्हणून १९०४ पासून त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे विधवा नि अज्ञान वारसांच्या जमीनदाऱ्या सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे, नोकरी केली. पडद्यातल्या विधवा जमीनदारणींपर्यंत पुरुष वकील पोचू शकत नसे. कागद आत जायचा, अंगठा उमटून बाहेर यायचा. कॉर्नेलियाबाई आत जाऊन बसत, त्यांचे म्हणणे ऐकत, कागदाचा अर्थ सांगत. बायकांना वकिली खुली करणारा कायदा १९२३ चा. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूने होत्या, गांधीजींवर टीका करत. ते मला मुळीच पटत नाही, तरी काम ते काम.

मी फोंड्यात एका वकिलांकडे २८ वर्षे टायपिंग केले. आमच्या गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा, तिच्या सहीशिवाय कुळागराचा (नारळ-सुपारीच्या बागेचा) तुकडा विकता येत नाही. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात नवरा नि दीर वकिलांसमोरच्या खुर्च्यांवर, ती दाराकडच्या बाकावर. शेवटी तिला हाक मारायची. पदराला हात पुसत यायची नि मलाच विचारायची, "खंय सय करूं गे बाये?" मी पेन्सिलीची फुली दाखवायचे.

एकदाच सावईवेऱ्याची एक बाई म्हणाली, "पयलीं वाचून दाखय." मी वाचले. चतु:सीमा ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आले, न्हाणीमागची विहीरही विक्रीत चालली होती. तिने पेन खाली ठेवले. विक्रीखत त्या दिवशी झाले नाही, आणि वकीलसाहेब आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यानंतर मीही कुणाला आपणहून वाचून दाखवले नाही, हे कबूल करते.

सालाची दुरुस्ती तेवढी छापावी.

— एक निवृत्त टंकलेखिका, फोंडा