शिबिरांतील बक्षिसांविषयी

महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की गावोगावी बालशिबिरांचे फलक लागतात. अलीकडे त्या फलकांवर मुले शिबिरात काय करणार यापेक्षा त्यांना काय मिळणार हेच ठळक अक्षरांत असते : उत्कृष्ट शिबिरार्थीस सायकल, दुसऱ्यास टॅब, तिसऱ्यास घड्याळ. देणगीदारांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु बावीस वर्षे शाळेचे स्काउट पथक चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मुलांना बक्षीस जरूर द्यावे, मात्र ते लहान असावे, शक्यतो आधी जाहीर केलेले नसावे आणि मेहनत करणाऱ्या प्रत्येकाला मिळण्यासारखे असावे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका वर्षी महिनाभरात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाला क्रिकेटची बॅट देण्याचे मी जाहीर केले. पहिले दोन आठवडे उपस्थिती आणि गणवेश यांत कधी नव्हे एवढी सुधारणा झाली. तिसऱ्या आठवड्यात तपासणीच्या आधी एका संघातील मुलाने दुसऱ्या संघातील मुलाचा स्कार्फ लपवला. त्याहून वाईट गोष्ट मला उशिरा कळली. ज्या मुलाला क्लोव्ह हिचची गाठ काही केल्या जमत नव्हती, त्याला त्याच्याच संघनायकाने ‘तू उद्या येऊ नकोस, आपले गुण जातात’ असे सांगितले होते. गाठी शिकण्यासाठी आलेल्या मुलाला गाठ येत नाही म्हणून घरी बसावे लागले आणि त्याला कारण मी ठेवलेली बॅट होती. बॅट देऊन झाल्यावर पुढच्या शनिवारी निम्मीच मुले आली आणि आल्या आल्या त्यांनी विचारले, ‘सर, आता काय ठेवलंय?’

असे का होते, याचा एक जुना आणि प्रसिद्ध प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर तो केला आणि 1973 मध्ये प्रसिद्ध केला. काही मुलांना ‘चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता नंतर दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. न सांगता प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झालेली नव्हती. म्हणजे घातक ठरले ते बक्षिसासाठी काम करायला लावणे.

त्यानंतर आम्ही पथकात पद्धत बदलली. प्रत्येक मुलाला सुतळीचा एक तुकडा दिला आणि शनिवारच्या सभेनंतर ज्याने काही नवे जमवले असेल किंवा दुसऱ्याला शिकवले असेल, त्याच्या सुतळीत एक लाकडी मणी ओवायचा असे ठरवले. मणी देताना तो कशासाठी, हे सर्वांसमोर एका वाक्यात सांगायचे, कारण मुलाच्या लक्षात मण्यापेक्षा ते वाक्य राहते. वर्तुळात उभे राहून एका बोटापासून पाच बोटांपर्यंत वाढत जाणारी पावसाची टाळी, ध्वज चढवण्याचा मान, एखाद्या दिवशी अचानक निघालेला चिक्कीचा डबा, एवढ्यावर मुले वर्षभर आनंदाने आली. भांडी घासणे, मैदान झाडणे अशा कंटाळवाण्या कामांसाठी आधी सांगून खाऊ दिला तरी बिघडत नाही, असा माझा अनुभव आहे. तिथे आवड मुळातच नसते, त्यामुळे ती जाण्याचा धोकाही नसतो.

स्काउटिंगमधील प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान ही चढण याच कारणाने मला मोलाची वाटते. ठरलेली कौशल्ये जमली की बिल्ला मिळतो. शेजारच्याला मिळाला म्हणून माझा कमी होत नाही, उलट त्याला मदत केल्याने माझीही गाठ पक्की होते. पन्नास मुलांत एक सायकल ठेवली, तर एकोणपन्नास मुले हरण्याची सोय आपणच करून ठेवतो आणि त्यांतली बरीचशी पुन्हा येत नाहीत.

पालकांनाही एक विनंती आहे. शिबिरातून परतलेल्या मुलाला ‘कितवा आलास?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय केलंत, दाखव पाहू’ असे म्हणावे. ज्या दानशूर व्यक्तींना यंदा शिबिरांना हातभार लावायचा आहे, त्यांनी सायकलीच्या पैशांत दोर, काठ्या, प्रथमोपचाराची पेटी आणि स्वयंपाकाची दोन मोठी पातेली घेऊन द्यावीत. ती सगळ्या मुलांच्या हाताला लागतील आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनाही उपयोगी पडतील.

आपला,
एक निवृत्त स्काउट शिक्षक, जि. सातारा