पेटीच्या झाकणातली चिठ्ठी

आदरणीय पेटीवाले काका,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थी तोंडावर आली असताना कुडाळच्या आमच्या भजन मंडळाची पेटी तुम्ही सुरात आणून दिलीत. त्याबद्दल तुमचे जाहीर आभार.

तुमच्याआधी ज्यांनी ही पेटी हाताळली, त्यांनी पहिल्याच मिनिटाला पातं उचललं होतं. रीडच्या, म्हणजे वाऱ्याने थरथरून सूर देणाऱ्या पितळी पट्टीच्या, जिभेच्या टोकाला धूळ चिकटली की वजन वाढतं आणि सूर उतरतो. त्यांनी ती न झाडता टोक खरवडून सूर चढवला. भजनाच्या दोन बाऱ्यांत (सामन्यांत) धूळ झडली, सूर भलताच चढला, मग बुडाशी खरवडून उतरवला. दोन्हीकडून झिजलेली जीभ नुसता वारा सोडू लागली. पैसे मात्र पुरे घेतले.

तुम्ही म्हणालात, "आधी धूळ काढूया. खरवडलेला पितळ परत येवचा नाय." मऊ ब्रश फिरवलात, जीभ आणि फटीच्या मधून पातळ कागद ओढलात. निम्म्याहून जास्त सूर तेवढ्यानेच जागेवर आले. जे उरले, त्यांच्या जिभेखाली पोलादी पट्टी सरकवून दोन-तीन हलके ओरखडे, मग थांबणं. घासल्याने पितळ तापतं, तापलेला सूर थोडा उतरता बोलतो. निवल्यावर खरा कळतो. हे थांबणंच घाईच्या कारागिराला परवडत नाही.

खालच्या सप्तकातली खर्जाची रीड वरच्या सप्तकातल्या नर रीडशी जुळवताना लाटा, म्हणजे सूर न जुळल्याने ऐकू येणारी थरथर, पूर्ण थांबेपर्यंत तुम्ही ऐकत राहिलात, भाता एकसारखा ठेवून, कारण जोर वाढला की खर्ज किंचित खाली जातो. षड्ज-पंचमातली बारीक लाट मात्र मुद्दाम ठेवलीत. पेटीचा पंचम शुद्धापेक्षा 2 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरताच हवा, म्हणजे ती प्रत्येक पट्टीत सारखी चालते; कारण एक बुवा काळी एकमध्ये गातात, दुसरे पांढरी चारमध्ये, आणि पेटी दोघांची. पावसाने फुगून अडकणाऱ्या पट्ट्यांना कानस लावली नाहीत, हेही बरं केलंत. दिवाळीनंतर त्या आपोआप सैल होतात आणि घासलेल्या असल्या तर खुळखुळतात.

पण आम्हाला सगळ्यात भिडली ती चिठ्ठी. पेटी घरी आणून झाकण उघडलं, तर आत पेन्सिलीने लिहिलेला कागद चिकटवलेला: कोणत्या ओळीतली, कोणत्या पट्टीची रीड, टोकाला घासली की बुडाशी. पुढे कधी ही पेटी दुसऱ्या कुणाच्या हाती गेली, तर त्याने त्याच जागी पुन्हा पातं लावू नये म्हणून. जो माणूस तुम्हाला कधी भेटणारही नाही, त्याच्यासाठी तुम्ही ही तसदी घेतलीत. अशी सचोटी अजून आहे, हे कळून जीव भरून आला.

42 पट्ट्यांच्या 84 रीड. चिठ्ठीत नोंद आहे: 6 घासल्या, 1 बदलली. उरलेल्या 77 फक्त झाडल्या. तुम्ही सगळ्या घासल्या असं सांगून पैसे मागितले असतेत, तर आम्ही निमूट दिले असते.

चतुर्थीत एका रात्री भजनाला या. पेटीशेजारची जागा तुमची.

आपलं,
भजन मंडळ, कुडाळ