घर मालकाचे, भाव दलालाचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमची रावेर तालुक्यात केळी. नातवंडांची शाळा जळगावात, मुलगा-सून तिथे भाड्याने राहतात, म्हणून पिंप्राळा भागात एखादे तयार घर घ्यावे असे घरात ठरले. दलाल ओळखीतूनच आला आणि पहिल्याच भेटीत मला ‘आबा’ म्हणू लागला. त्याने दाखवलेले घर खरोखर चांगले होते. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे शेवग्याचे झाड. भाव ३८ लाख. ‘मालक पुण्याला असतो, त्याला कोणी फोन केलेला आवडत नाही. जे काय असेल ते माझ्याशी बोला, आबा.’

जळगाव, भुसावळ, धुळ्यात घर शोधणाऱ्या बहुतेकांनी हे ऐकले असेल. भिंतीला ओल, कागदात घोळ या भानगडी नंतरच्या. मालक आणि घेणारा यांची गाठ पडू द्यायची नाही, या धंद्याचे खरे भांडवल तेवढेच.

टोकन म्हणून त्याने ५१ हजार रोख मागितले. मी मोबाईलवरून पाठवले तर त्याचा चेहरा उतरला. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यापुढची रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, हे त्याला माहीत नसेल असे मला वाटत नाही. मग हळूच म्हणाला, ‘खरेदीखतात आपण ३४ दाखवू, वरचे ४ मालकाला रोख लागतात. तुमचीही स्टॅम्प ड्युटी वाचेल.’ फायदा माझा आणि बदनामी मालकाची, असा हा हिशेब.

पाणी रोज येते असेही त्याने सांगितले होते. म्हणून एका दुपारी मी एकटाच तिकडे गेलो आणि शेजारच्या वहिनींना विचारले. वाघूर धरणाचे पाणी जळगावात कसे येते हे त्यांना विचारायचे म्हणजे जखमेवरची खपली काढण्यासारखेच. गच्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘रोज येतं तर आम्ही ह्या तीन टाक्या काय शोभेला ठेवल्या भाऊ?’ मालकाचा नंबरही त्यांनीच दिला.

मालक पुण्याला नव्हतेच. भुसावळला राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले सरळ गृहस्थ. त्यांना सांगण्यात आले होते की गिऱ्हाईक सुरतचे आहे, भेटायला येणार नाही आणि ३४ च्या वर एक रुपया देणार नाही. त्यांना रोख काही नकोच होते. दलालाने सहीसाठी ठेवून दिलेली सौदापावती त्यांनी माझ्यापुढे टाकली. पाचशेच्या स्टॅम्पवर नीट टाईप केलेली. ‘लिहून देणार’ म्हणून मालकांचे नाव, आणि ‘लिहून घेणार’ म्हणून माझे नाही, दलालाच्या भाच्याचे! मुदत सहा महिने. म्हणजे मालकांनी भाच्याशी ३४ चा सौदा करायचा, भाच्याने माझ्या ५१ हजारांतूनच विसार द्यायचा, आणि खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधकांसमोर ‘संमती देणार’, म्हणजे या विक्रीला माझी हरकत नाही, म्हणून सही करून मोकळे व्हायचे. वरचे ४ लाख मामा-भाच्यांचे. शिवाय दोन्हीकडून एकेक टक्का दलाली वेगळीच.

आम्ही दोघे मिळून त्याच्या ऑफिसात गेलो. आम्हाला सोबत पाहून पहिले वाक्य काय, तर ‘चहा सांगू का?’ बऱ्याच घासाघिशीनंतर ४० हजार परत मिळाले. ११ हजार त्याने ‘धावपळीचे’ म्हणून ठेवून घेतले. तक्रार द्यायला गेलो तर हा दिवाणी मामला आहे, वकील लावा, असे उत्तर मिळाले. ११ हजारांसाठी वकील कोण लावणार, हे दलालालाही ठाऊक असते.

बिल्डरकडून नव्या प्रकल्पात घर घेत असतो तर महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, दाद मागता आली असती. २०१६ च्या रेरा कायद्याने तिथे दलालालाही नोंदणी सक्तीची केली आहे, महाराष्ट्रात तर आता त्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण ही सक्ती बिल्डर विकत असलेल्या, नोंदणी झालेल्या प्रकल्पापुरतीच. एका माणसाचे राहते घर दुसरा घेतो, तिथला दलाल या कायद्याच्या बाहेर. आमच्याकडे बाजार समितीत माल मोजणाऱ्या तोलारालाही परवाना लागतो. व्यापारी केळीला जाहीर भावापेक्षा कमी देतो, हे रडगाणे आहेच, पण निदान भाव जाहीर तरी होतो, म्हणून किती कापले ते कळते. घराच्या व्यवहारात दोन्ही बाजूंना दोन वेगवेगळे आकडे सांगणाऱ्याला ना परवाना, ना पावती. जुन्या घरांचे दलालही नोंदणीखाली आणावेत, आणि दलाली किती व कोणाकडून घेतली हे खरेदीखतातच लिहिण्याची सक्ती करावी, अशी माझी शासनाकडे मागणी आहे. तोवर घेणाऱ्याने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून त्या घराची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा उतारा, काढावी. मालकाचे खरे नाव त्यात असते. नाव कळले की माणूस सापडतो, भुसावळ काही लांब नाही.

एक विनंती आपल्यालाही आहे, महोदय. परवा आपल्या छोट्या जाहिरातींत तेच घर पुन्हा दिसले. शेवग्याच्या झाडासकट. मालकांनी ती जाहिरात दिलेली नाही, मी त्यांना विचारले. खाली नंबर त्याच दलालाचा आणि वर ठळक अक्षरांत ‘थेट मालकाकडून, एजंट क्षमस्व’. ‘मालक’ म्हणून जाहिरात घेऊन येणाऱ्याकडून आपल्या जाहिरात विभागाने सूची क्रमांक २ ची किंवा घरपट्टीच्या पावतीची प्रत मागून घ्यावी. शंभर-दोनशे रुपयांच्या जाहिरातीसाठी एवढे कोण करते, असे आपला विभाग म्हणेल. पण लोक त्या चार ओळी आपल्या पेपरात छापून आल्या म्हणूनच फोन लावतात.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)