काकूंच्या खोलीतली हवा

शहापूर, बेळगाव
दिवाळीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र गुरुवारी पोचले. काकूंना रात्री दोन-अडीचला उठून बसावे लागते आणि पाठीशी उशा लावून पहाटेची वाट पाहावी लागते, हे वाचून मन फार अस्वस्थ झाले. शाळेला सुट्टी लागली की मी निपाणीला तुमच्याकडे राहायला यायचो, तेव्हा सर्वांच्या आधी उठून अंगण झाडणाऱ्या आणि बंब पेटवणाऱ्या काकूच अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. डॉक्टरांनी दमा सांगितला, पंपाचे औषध सुरू केले आणि जमल्यास हवा शुद्ध करणारे यंत्र ठेवा असे सुचवले, म्हणून कोणत्या कंपनीचे घेऊ असे तू विचारले आहेस. आमच्या अण्णांसाठी गेली चार वर्षे आम्ही एअर प्युरिफायर वापरतो आहोत. उद्यमबागेतल्या फौंड्रीत ३० वर्षे वाळूच्या साच्यांवर काम केल्यावर त्यांच्या छातीची काय अवस्था झाली ते तू पाहिलेच आहेस. या चार वर्षांत आमचे जे चुकले आणि जे जमले ते सगळे लिहितो. कंपनीच्या नावापेक्षा आधी ठरवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांतल्या काहींना पैसाही लागत नाही.

यंत्राचा विचार थोडा वेळ बाजूला ठेव आणि काकूंच्या खोलीत धूर कुठून येतो ते पाहा. मला आठवते त्याप्रमाणे त्यांची खिडकी मागच्या परसात उघडते आणि बंब त्या खिडकीपासून चार-पाच पावलांवर आहे. करवंट्या आणि ओली लाकडे पेटवली की पहिली दहा-पंधरा मिनिटे जो पांढरा धूर निघतो, तो सगळा त्या खिडकीतून आत जात असणार. बंब हलवता येत नसेल तर निदान त्या वेळेपुरती खिडकी लावून घ्या आणि वाळलेलेच जळण वापरा. दुसरे, डासांची कॉइल. आम्हीही वर्षानुवर्षे अण्णांच्या खाटेखाली कॉइल लावत होतो. एका कॉइलमधून निघणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोजले गेले आहे. हे वाचले त्या दिवशी मी कॉइल बंद केली आणि मच्छरदाणी आणली. देवघरातली उदबत्ती आणि धूप यांबद्दल काकूंना सांगणे अवघड आहे, हे मी जाणतो. आमच्याकडे आईने स्वतःच उदबत्तीऐवजी तुपाचे निरांजन लावायला सुरुवात केली. काकूंनाही ते पटेल असे वाटते.

यानंतरची गोष्ट तुमच्या घराच्या छपराची आहे, आणि दुकानात ती तुला कोणी सांगणार नाही. तुमचे माजघर आणि काकूंची खोली कौलारू छपराखाली आहेत, आणि दोन खोल्यांमधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नाही. अशा खोलीत कितीही चांगले यंत्र ठेवले तरी ते एका बाजूने हवा गाळत राहील आणि दुसऱ्या बाजूने कौलांच्या फटींतून, भिंतीच्या वरून तितकीच धुळीची हवा येत राहील. आमचेही जुने घर तसेच होते. अण्णांच्या खोलीला आम्ही प्लायवूडची तक्तपोशी, म्हणजे कौलांखाली आडवे सपाट छत, करून घेतली, दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली, आणि त्यानंतरच यंत्राचा उपयोग दिसू लागला. संपूर्ण घर शुद्ध करण्याच्या मागे लागू नकोस. काकू रात्री आठ तास ज्या एका खोलीत झोपतात, तेवढीच खोली नीट बंद होणारी कर.

आता यंत्राविषयी. हवेतल्या ज्या कणांना पीएम २.५ म्हणतात, ते २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून कल्पना येईल. नाकातले केस आणि घशातला कफ यांना ते अडवता येत नाहीत, म्हणून ते फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या कणांसाठी वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाची २००९ सालची मर्यादा ४० आहे. म्हणजे सरकारी हिशेबात हवा ‘समाधानकारक’ असली तरी दम्याच्या माणसाला ती पुरेशी चांगली असेलच असे नाही.

हे कण पकडणारा फिल्टर म्हणजे हेपा. तू वखारीत तंबाखू चाळताना लहानपणापासून पाहिले आहेस, म्हणून हेपा हीदेखील एक बारीक चाळणच असे तुला वाटेल. तसे नाही. त्यात काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बारीक तंतूंचे दाट जाळे घड्या घालून बसवलेले असते. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत म्हणून तंतूंवर आदळतात; अगदी लहान कण हवेतल्या रेणूंच्या धक्क्यांनी सैरावैरा फिरतात आणि फिरता फिरता तंतूंना चिकटतात. अडवायला सर्वांत कठीण असतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, आणि म्हणूनच खऱ्या हेपाची परीक्षा त्याच आकाराच्या कणांवर घेतात: त्यांतले ९९.९७ टक्के कण त्याने अडवले पाहिजेत. खोक्यावर ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ असे लिहिले असेल तर ते यंत्र घेऊ नकोस. ‘एच १३’ असा दर्जा लिहिलेला असेल तर उत्तम.

परंतु फिल्टर चांगला असून भागत नाही. तासाला किती हवा त्यातून जाते ते पाहावे लागते. त्याचा आकडा सीएडीआर या नावाने दिलेला असतो, म्हणजे तासाला यंत्र किती घनमीटर स्वच्छ हवा देते. काकूंची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि तक्तपोशी केल्यावर १० फूट उंच धरू. म्हणजे १२०० घनफूट, अर्थात सुमारे ३४ घनमीटर. दम्याच्या रुग्णाच्या खोलीतली हवा तासाला पाच वेळा तरी गाळली जावी असा हिशेब मी धरतो. म्हणजे १७० घनमीटर लागतात. मात्र येथे थांबू नकोस, कारण खोक्यावरचा आकडा सर्वांत वेगवान पंख्याचा असतो. त्या वेगात यंत्राचा आवाज इतका असतो की रात्री ते कोणीही हळू करून टाकते, आणि हळू केले की आकडा निम्म्याच्याही खाली जातो. म्हणून ३०० ते ३५० सीएडीआरचे यंत्र घे आणि ते मधल्या वेगावर रात्रभर चालू दे. ‘४०० चौरस फुटांसाठी’ असे जे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते त्यावर विसंबू नकोस. तो हिशेब बहुधा तासाला दोन-तीन वेळा हवा गाळण्याचा असतो, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांची उंची त्यात धरलेलीच नसते.

आमची पहिली चूक नेमकी येथेच झाली. दुकानदाराने मोठ्या खात्रीने सांगितले म्हणून मी फिल्टर नसलेले, हवेत आयन म्हणजे विद्युतभारित कण सोडणारे एक लहान यंत्र (आयनायझर) आणले. चालू केल्यावर पावसापूर्वी विजा चमकतात तेव्हा येतो तसा वास यायचा आणि आम्हाला वाटायचे की हवा ताजी झाली. तो वास ओझोनचा होता. ओझोन स्वतःच श्वासनलिकेला त्रास देतो. त्या आठवड्यात अण्णांचा खोकला वाढला आणि आम्ही थंडीला दोष देत राहिलो. ती गोष्ट आजही मला सलते. म्हणून विनंती आहे की आयनायझर किंवा ओझोन असलेले काही घरात आणू नकोस. चांगल्या यंत्रात आयनायझर जोडीला असेल तर तो बंद करण्याचे वेगळे बटण आहे ना, हे पाहून घे.

तुमच्या भागात तंबाखूचा वास असतो, त्यासाठी कार्बनचा थर असलेले यंत्र घ्यावे का, असेही तू विचारले आहेस. वास आणि वायू हेपा अडवत नाही, ते काम कार्बनचे, हे खरे. पण बहुतेक घरगुती यंत्रांत कार्बनचा थर अगदी पातळ असतो आणि तो लवकर भरून जातो. त्यासाठी जास्त पैसे देऊ नकोस.

पैशाचा खरा हिशेब फिल्टरचा आहे. यंत्र एकदाच घेतो, फिल्टर साधारण वर्षाला बदलावा लागतो, आणि कॉइल किंवा बंबाचा धूर असेल तर त्याही आधी. घेण्यापूर्वी त्या फिल्टरची किंमत विचार, आणि तो बेळगावात किंवा कोल्हापुरात मिळतो का तेही विचार. मिळत नसेल तर दुसरे यंत्र पाहा. हेपा फिल्टर पाण्याने धुऊ नये, त्याचे तंतू बिघडतात. बाहेरची जाळी मात्र पंधरा दिवसांनी झटकून किंवा धुऊन, पूर्ण वाळवून लावावी. विजेचा खर्च फार नाही: ४० वॉटचे यंत्र १२ तास चालले तर जेमतेम अर्धा युनिट होतो. वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू होते का, हे दुकानातच प्लग काढून पुन्हा लावून पाहा. काही यंत्रे तशीच बंद राहतात, आणि रात्री तीन वाजता उठून बटण दाबायला काकूंना कोण सांगणार?

यंत्र घरी आले की आधी मागचे झाकण उघड. आतला फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो, ती पिशवी काढावी लागते. आमच्या शेजाऱ्यांचे यंत्र दोन महिने तसेच चालले होते. तुमचे यंत्र भिंतीपासून फूट-दीड फूट दूर, काकूंच्या उशाच्या बाजूला ठेव; कपाटाच्या कोपऱ्यात किंवा पडद्यामागे नको. झोपण्यापूर्वी तासभर दारे-खिडक्या लावून पूर्ण वेगात चालव आणि नंतर वेग कमी कर. ‘ऑटो’वर फार भरवसा नको. पावसाळ्यात दमट वाफेलाच तो धूळ समजतो, आणि खोली बरी वाटली की पंखा इतका हळू करतो की काहीच गाळले जात नाही. दुपारी ऊन असताना मात्र खिडक्या उघडून खोली मोकळी कर. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते, त्यामुळे उसाचे पाचट जाळल्याचा धूर आणि हमरस्त्यावरच्या ट्रकांचा धूर खालीच कोंडतो. दुपारी तो वर निघून जातो.

काही गोष्टी यंत्राला जमणार नाहीत. गादी-उशांतल्या धुळीच्या किड्यांचे कण जड असतात, ते लवकर खाली बसतात आणि यंत्रापर्यंत पोचतच नाहीत. त्यासाठी चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवावे लागतील, आणि खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी लागेल. पावसाळ्यात मागच्या भिंतीला जी ओल येते, तिच्यावरच्या बुरशीचे हवेत उडालेले कण यंत्र पकडेल, पण भिंत वाळवणार नाही. ती गळती मे महिन्यात कौले शाकारताना काढलीच पाहिजे. आणि पंपाचे औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कमी करायचे नाही, यंत्राने बरे वाटू लागले तरीही.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे, कारण तुझ्या पत्रातल्या एका ओळीने मला सर्वांत जास्त काळजी वाटली. काकूंना थंडी सोसत नाही म्हणून रात्री त्यांच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवतो, असे तू लिहिले आहेस. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि कोणताही हेपा किंवा घरगुती कार्बनचा थर तो अडवत नाही. यंत्रासाठी आपण फटी बुजवणार, दारे लावणार, आणि त्याच खोलीत शेगडी असेल तर माणूस झोपेतून उठणार नाही. तक्तपोशी, यंत्र, फिल्टर हे सगळे महिनाभराने झाले तरी चालेल. शेगडी मात्र हे पत्र वाचताच बाहेर काढ, आणि काकूंना गरम पाण्याची रबरी पिशवी व लोकरीचे कांबळे दे.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या बसने येतो. पीएम मोजण्याचे लहान यंत्र माझ्याकडे आहे, ते घेऊन येईन; बंब पेटलेला असताना आणि विझल्यावर अशी दोन्ही वेळा खोलीची हवा मोजू. तोवर खोलीचे माप, तक्तपोशी जिथे करायची त्या उंचीसह, घेऊन ठेव, आणि कौले शाकारणाऱ्याला निरोप धाड.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
शहापूरचा बालमित्र