सूचना : ओढ्याकाठच्या रानात सशांसाठी विषारी गाजरं

मंडळी, मेलबर्नमधल्या आपल्या ओढ्याकाठी सोमवारपासून पिंडोन हे विष लावलेले गाजराचे तुकडे टाकणार आहेत. कुत्रे साखळीतच ठेवा. पिंडोनमुळे रक्त गोठत नाही. कुत्र्याने तुकडा खाल्ला तर लक्षणांची वाट न बघता व्हेटकडे न्या. त्यावर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे.

सशांचं वाईट मलाही वाटतं. पण रविवारी लावलेली वॅटलची (इथल्या देशी बाभळीची) रोपं बघा, सुरीने तिरकी छाटावीत तशी कुरतडलीत! हेक्टरी एखादा ससाही काही देशी रोपांना वर येऊ देत नाही. १८५९ मध्ये व्हिक्टोरियात शिकारीसाठी सोडलेल्या सशांचा हा पसारा.

बिळं स्वतः उकरू नका, आत ब्लू-टंग सरडा असू शकतो. मेलेला ससा दिसल्यास हात न लावता जागा ग्रुपवर कळवा.