लहान कुत्र्यांना लेप्टोची लस द्यावीच, पण पावसाआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पग, पॉमेरियन, शिह त्झू, डॅशहंड अशी लहान चणीची कुत्री पाळणाऱ्या सांगलीतल्या घरांत एक प्रश्न नेहमी निघतो. लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणाऱ्या आणि आपण ज्याला नुसतं लेप्टो म्हणतो त्या रोगाची लस या कुत्र्यांना टोचावी की टाळावी? लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डबद्दल असं कुणी विचारत नाही. माझं गणपती पेठेत भुसार मालाचं दुकान आहे, मागे गोदाम आणि वर घर. आमच्याकडे चिंगी नावाची सात किलोची डॅशहंड आहे. ती गल्ल्याशेजारी बसलेली असते, त्यामुळे कुत्री पाळणारी गिऱ्हाइकं डाळ-तांदूळ बांधून होईपर्यंत हाच विषय काढतात. माझं मत पक्कं आहे. सांगलीत राहत असाल तर द्यावी. पण कशी द्यावी आणि कधी द्यावी हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र.

लोकांची भीती खोटी नाही, हे आधी सांगतो. चिंगी पिल्लू असताना तिला एकाच दिवशी सगळ्या रोगांची एकत्रित लस आणि वर रेबीजचीही लस दिली गेली. घरी आणल्यावर तासाभरात तिचं तोंड सुजलं. डोळे मिटत आले, ओठ जाड होऊन लोंबायला लागले, पोटावर गांधी उठल्या आणि ती तोंड जमिनीला घासत फिरू लागली. रिक्षा करून परत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रात्रीपर्यंत सूज उतरली. पुढच्या वर्षी शहरातल्या दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो, तर तिथे ऐकायला मिळालं, "छोट्या जातीला लेप्टो सोसत नाही, ती काढूनच टाकू." काढून टाकल्यावर उंदरांपासून तिला कोण वाचवणार, याबद्दल एक शब्द नाही. दुकानात लोक मला आपापल्या कुत्र्यांची लसीकरणाची कार्डं दाखवतात, त्यांतही लेप्टोची जागा बऱ्याचदा कोरी असते.

माझी पुतणी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिने मला २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास समजावून सांगितला. बारा लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. लस दिल्यानंतर तीन दिवसांत काही ना काही त्रास झालेली कुत्री दर दहा हजारांत सुमारे ३८ निघाली. वजन जितकं कमी तितका धोका जास्त, आणि डॅशहंड, पग, चिवावा या जाती त्या यादीत वरच्या बाजूला. पण मला महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यांत एकाच बैठकीत दिलेल्या प्रत्येक जादा लशीमागे धोका २७ टक्क्यांनी वाढत होता, बारा किलोंवरच्या कुत्र्यांत तो १२ टक्क्यांनीच वाढत होता. म्हणजे लहान अंगावर एका दिवशी किती सुया टोचता, याला मोठं महत्त्व आहे. आमच्याकडे मात्र सगळं खापर एकट्या लेप्टोवर फुटतं आणि तीच वगळली जाते.

आता पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा. लेप्टोचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात ठाण मांडतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे जगतात. कुत्र्याच्या पंजाला खरचटलेलं असेल किंवा त्याने डबक्यात तोंड घातलं, तरी पुरे. "आमचं कुत्रं घरातच असतं, सोफ्यावरून खाली उतरत नाही," असं लोक म्हणतात. पण उंदीर घरात येतोच की. पाण्याचं भांडं रात्रभर ओट्याखाली उघडं असतं.

शिवाय हे गाव कृष्णाकाठचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी नदी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरतात. २०२१ च्या जुलैअखेर पुन्हा पूर आला. शामरावनगरसारख्या भागात तर नदी पात्रात असली तरी नुसत्या पावसाचं पाणी साचून राहतं. पाणी चढलं की घुशी आपल्या आधी जिने चढतात, हे पेठेतल्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा. पाणी ओसरल्यावर आम्ही भिजलेली पोती बाहेर काढतो, गाळ उपसतो, आणि कुत्री त्याच गाळातून आपल्या मागे-पुढे करत असतात.

२०२१ च्या पुरानंतर आमच्या शेजारच्यांचा पांढरा स्पिट्झ असाच गेला. त्याला लेप्टोची लस नव्हती. पाणी उतरून काही दिवस झाले आणि त्याने खाणं सोडलं. उलट्या सुरू झाल्या, मागचे पाय ताठ झाले, उचललं की विव्हळायचा. मी त्याचा ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या हळदीत बुडवून काढल्यासारख्या पिवळ्या. लघवी गडद तपकिरी. रक्ताच्या तपासणीत यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडल्याचं निघालं. सलाइन झालं, पेनिसिलिन गटातलं औषध झालं, पण उपयोग झाला नाही. तो गेल्यावर त्या घराला वेगळाच घोर लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याची लघवी पडलेली जागा हातमोजे घालून जंतुनाशकाने धुवा, आणि घरात कुणाला ताप, पोटऱ्यांत दुखणं किंवा डोळ्यांत लाली आली तर लगेच दवाखान्यात जाऊन कुत्र्याबद्दल सांगा. त्यांची नात त्या कुत्र्याला कुशीत घेऊन झोपायची. पुढचा महिनाभर तिला साधी शिंक आली तरी आजीचा जीव खालीवर व्हायचा. लेप्टो माणसालाही होतो आणि जिवावर बेतू शकतो. त्यामुळे आपल्या कुत्र्याला लस द्यायची की नाही, हा त्या एका कुत्र्यापुरता प्रश्न राहत नाही.

जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं आहे की जिथे कुत्र्यांमध्ये लेप्टो कायम आढळतो आणि योग्य लस मिळते, तिथे ती सर्वच कुत्र्यांसाठी आवश्यक लस समजावी. लहान जातींना त्यातून सूट नाही.

आता कशी द्यावी. एकत्रित लशीत बहुधा एक कोरडी पूड असते आणि लेप्टोची लस पातळ असते, तीच पुडीत घालून एकच सुई टोचतात. डॉक्टरांना आधी सांगितलं, तर पूड साध्या द्रावणात विरघळवून देता येते आणि लेप्टो तीन-चार आठवड्यांनी वेगळी टोचता येते. दवाखान्यात एक चक्कर जास्त होते, एवढंच. चिंगीला आम्ही पुढे तशीच दिली. सकाळी लवकर गेलो, म्हणजे काही झालंच तर दवाखाना दिवसभर उघडा. आधीच्या सुजेची गोष्ट डॉक्टरांना पुन्हा सांगितली, त्यांनी ॲलर्जीचं औषध अगोदर दिलं, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथल्याच बाकावर बसून राहिलो, कारण गंभीर त्रास झाला तर तो बहुतेक वेळा सुरुवातीच्या तासाभरातच दिसतो. चिंगी संध्याकाळपर्यंत जरा मलूल होती, दुसऱ्या दिवशी गल्ल्याशेजारी हजर.

काही जण डॉक्टरांना म्हणतात, "लहान आहे हो, अर्धीच द्या." तसं करू नका. या लशीची मात्रा वजनावर ठरत नाही. अर्ध्या मात्रेने सुई तर टोचली जाते, संरक्षणाची मात्र खात्री राहत नाही. कुपीवर किती प्रकारांची नावं आहेत तेही विचारा. काही लशी दोन प्रकारच्या लेप्टोवर असतात, काही चार. जंतूंचे प्रकार अडीचशेच्या वर आहेत, तेव्हा लस दिली म्हणून गाळात सोडून चालणार नाही. आणि पूर्वी लशीने ज्याचा श्वास अडकला, जो कोसळला, अशा कुत्र्याच्या बाबतीत मी कुणालाच आग्रह करणार नाही. तो निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

राहिला प्रश्न वेळेचा, आणि इथेच मला खरी कळकळ आहे. पहिल्यांदा देताना या लशीचे दोन डोस लागतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. दुसऱ्या डोसनंतर अंगात ताकद यायला आणखी थोडे दिवस जातात. पुढे दर वर्षी एक डोस, कारण असर साधारण वर्षभरच टिकतो. बरेच लोक कुत्र्यांच्या लशींची आठवण काढतात ती ६ जुलैला, जागतिक प्राणिजन्य रोग दिनाच्या शिबिरांच्या निमित्ताने. १८८५ साली लुई पाश्चर यांनी याच तारखेला एका मुलाला रेबीजची लस पहिल्यांदा टोचली, म्हणून तो दिवस. रेबीजसाठी ठीक आहे. पण लेप्टोचा पहिला डोस ६ जुलैला घेतला तर दुसरा जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो. कृष्णा आयर्विन पुलाशी चढते ती याच दिवसांत. ज्या पाण्यापासून वाचवायचं, ते दारात आल्यावर लस घेऊन काय उपयोग?

म्हणून पशुसंवर्धन विभागाला आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला माझी विनंती आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लेप्टोच्या पहिल्या डोससाठी आणि मे महिना संपायच्या आत दुसऱ्या डोससाठी शिबिर घ्या. पूरपट्ट्यापासून सुरुवात करा. लशीचे पैसे कुत्री पाळणारे देतील, ज्यांना जमत नाही त्यांचे आम्ही पेठेतले काही व्यापारी भरू. खासगी डॉक्टरांनी लेप्टोच्या सुट्या कुपी एप्रिलपासूनच मागवून ठेवाव्यात. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि उन्हाळ्यात वीज जाते, त्यासाठी बर्फाच्या पेट्या आम्ही पुरवू. जागा म्हणून माझ्या दुकानाची ओसरी रविवारी सकाळी मोकळीच असते. तिथे बाकडी टाकून देतो, म्हणजे टोचल्यावर लोकांना अर्धा तास बसता येईल.

आपला,
एक भुसार व्यापारी
गणपती पेठ, सांगली