गावच्या पाण्याची आजची नोंद करून ठेवू या : पाणी समितीचं आवाहन

सर्व ग्रामस्थांना, नोकरीधंद्यानिमित्त नागपूर-पुण्याला गेलेल्या गावच्या मंडळींना आणि पंचक्रोशीतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना नमस्कार.

गावातल्या आणि दोन्ही टोल्यांवरच्या पिण्याच्या सगळ्या बोअर, हातपंप आणि विहिरींचं पाणी युरेनियमसाठी तपासून घ्यायचं, असं ग्रामसभेत ठरलं आहे. त्यासाठी पैसा हवा आहे आणि हाताशी माणसंही हवी आहेत.

"आपल्या गावात कुठलं आलं युरेनियम?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. वऱ्हाडात काळा बेसाल्ट आहे. आपल्या भंडारा-गोंदियाकडे मात्र त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट आणि नीस हा कठीण खडक आढळतो, आणि ग्रॅनाइटात युरेनियम मुळातच बेसाल्टपेक्षा जास्त असतं. बोडीचं नि मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी पावसाचं, वरचं. बोअरचं पाणी खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेलं असतं. त्यात युरेनियम उतरलं तर ते दिसत नाही, चवीला कळत नाही, पाणी उकळूनही जात नाही. त्याचा मार मुख्यतः मूत्रपिंडावर बसतो. जलजीवन मिशनच्या किटने आपल्या गावच्या भगिनी फ्लोराईड, नायट्रेट, लोह मन लावून तपासतात, पण त्या किटमध्ये युरेनियमची तपासणी नाही.

मर्यादा किती, हेही एकदाच ठरून गेलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली लिटरला २ मायक्रोग्रॅम सांगितले, २००४ मध्ये १५ आणि २०११ मध्ये ३०. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने ६० धरले होते, भारतीय मानक आता ३० म्हणतं. नवा अभ्यास येतो तसे आकडे बदलतात, बदलायलाच हवेत. पण उद्या कोणताही आकडा ठरला, तरी आपल्या विहिरीत आज किती आहे हे कागदावर नसेल तर त्या आकड्याचा आपल्याला काय उपयोग?

नोंद करून ठेवण्याचं दुसरं कारण युरेनियमच्या खाणीतून निघणाऱ्या कचऱ्याचं. आपल्या देशातल्या बहुतेक खनिजात टनामागे एक किलोसुद्धा युरेनियम निघत नाही. उरलेला सगळा दगड दळून, रसायनात घोळून गाळ होतो आणि तलावासारख्या बांधात साठवला जातो. झारखंडात जादुगोड्याला १९६७ पासून हे काम चालतं आणि गाळाचे बांध वस्तीला लागून आहेत. युरेनियम काढून घेतल्यावरही मूळ खनिजातला बहुतांश किरणोत्सार या गाळातच राहतो. त्यातलं थोरियम-२३० हे किरणोत्सारी द्रव्य निम्मं व्हायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतात. अमेरिकेने या गाळासाठी १९७८ मध्ये कायदा केला, १९८३ मध्ये मानकं आणली. त्यांत गाळावरचं आच्छादन शक्यतो १,००० वर्षं आणि काही झालं तरी २०० वर्षं टिकावं, अशी अट आहे. ती अट येण्याआधी, १६ जुलै १९७९ रोजी, न्यू मेक्सिकोत चर्च रॉक इथला बांध फुटला होता. सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त, किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं. तिथल्या नावाहो आदिवासींची जनावरं त्याच नदीवर पाणी पीत होती.

पुढे तिकडे जमीन न खोदता, भूगर्भातच रसायन सोडून युरेनियम विरघळवून उपसण्याची पद्धत वाढली. जुनी मानकं तिला पुरेनात. म्हणून २०१५ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने नवा मसुदा काढला : काम सुरू होण्याआधी भूजल तपासा, संपल्यावर पुन्हा तपासा आणि त्यानंतरही ३० वर्षांपर्यंत लक्ष ठेवा. २०१७ मध्ये तो सुधारला, २०१८ मध्ये मागे घेतला. आम्हाला ते चुकीचं वाटतं. मसुद्याचा गाभा खरा होता, आणि 'आधी तपासा' हा त्यातला पहिला भाग कोणत्याही सरकारची वाट न पाहता गावाला करता येतो.

आपल्या शेजारी खाण येणार आहे, असं समिती म्हणत नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजांच्या खाण प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. जिथे गावाला बोलायला मंडपच उरला नाही, तिथे आधीची नोंद हाच गावाचा पुरावा. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात मागणीही घातली आहे : युरेनियमच्या गाळाची मानकं वेळोवेळी तपासून सुधारावीत, परिसरातल्या विहिरींची आधीची व नंतरची तपासणी सक्तीची करावी आणि निकाल त्या त्या गावाच्या भाषेत लावावेत. या ठरावावर सह्या हव्या आहेत. शेजारच्या ग्रामसभांनीही असा ठराव घ्यावा, ही विनंती.

नमुना घेणं सोपं दिसतं, पण त्यात काळजी लागते. हातपंप आधी काही मिनिटं चालवून साचलेलं पाणी काढायचं, बाटली त्याच पाण्याने विसळायची, पाणी बारीक गाळणीतून गाळायचं आणि लगेच नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे. नाही तर युरेनियम बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि निकाल कमी येतो. आम्ल हाताळायला रसायनशास्त्राचे शिक्षक किंवा पदवीचे विद्यार्थी सोबत हवेत. ज्यांच्याकडे बोअर मारतानाची खोली, लागलेला खडक यांची जुनी चिठ्ठी असेल, त्यांनी ती शोधून द्यावी. पैशाइतकीच ती मोलाची आहे.

वर्गणी ५०० रुपयांपासून. एखाद्या घराने एका विहिरीचा पूर्ण खर्च उचलला तर उत्तमच. पैसे पावतीशिवाय कुणाच्याही हाती देऊ नका. बँक खात्याचा तपशील ग्रामपंचायतीच्या फलकावर आहे, हिशेब आणि प्रत्येक विहिरीचा निकाल तिथेच लावू. एखाद्या विहिरीत मर्यादेपेक्षा जास्त आढळलं तर त्या घराला आधी सांगू, आणि पर्यायी पाण्याची सोय करण्याचं काम, ती होईपर्यंत, समितीच्या अंगावर राहील.

पहिली फेरी भर उन्हाळ्यात, पाणी खोल गेलेलं असताना. दुसरी रोवणी आटोपल्यावर. पहिल्या फेरीसाठी नावं आणि वर्गणी होळीपर्यंत ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी.

पाणी समिती, ग्रामसभेच्या वतीने